खपलीवरची पावलं

घरात तिला सगळे भागूबाई म्हणायचे, आणि ते नाव तिने मेहनतीने कमावलं होतं. पाल दिसली की ती पलंगावर, वीज कडाडली की पलंगाखाली, पाहुणे आले की न्हाणीघरात. शाळेत फळ्यापाशी बोलावलं की हातातला खडू मोडायचा. सात वर्षांनी मोठी असलेली ताई मात्र अगदी उलट. ती झुरळ चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकायची, भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधे जाऊन उभी राहायची. आई दोन महिने दवाखान्यात होती तेव्हा स्वयंपाक, धाकटीच्या वेण्या आणि धाकटीची भीती हे सगळं तिने एकटीने निस्तरलं. "मी आहे ना" हे तिचं पालुपद. पुढे ती नर्स झाली, मग हेडनर्स, आणि अख्खा वॉर्ड तिला टरकून असायचा.

भागूबाई शास्त्रज्ञ झाली, तीसुद्धा थोडीशी भीतीमुळेच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सगळा वर्ग कोरड्या माळावर झुडपं मोजायला गेला होता. हिच्या बुटावरून साप गेला. सावकाश, रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखा. साप गेला, पण ही जागची हलेना. पाऊण तास तशीच उभी. शेवटी सरांनी हाताला धरून गाडीपर्यंत आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची रवानगी नकाशांच्या खोलीत केली. तिथे उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रं होती.

"इथून बघ माळ," सर म्हणाले. "वरून बघणाऱ्याला साप चावत नाही."

सर थट्टेने म्हणाले, पण तिला ती खोली मानवली. इतरांना जिथे नुसता करडा रंग दिसायचा तिथे तिला दिसायचं की झुडपं एकमेकांपासून लांब चालली आहेत, किंवा उघड्या जमिनीचा एखादा डाग दरवर्षी थोडाथोडा पसरतो आहे. उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका म्हणजे एक खोली मावेल एवढी जागा. पुढे ड्रोन आले आणि एक ठिपका नखाएवढा झाला. मग तर ती त्या कामात बुडूनच गेली. लग्नाचं राहिलं ते राहिलंच.

चोपन्नाव्या वर्षी ती एका संशोधन केंद्राची प्रमुख होती. केंद्र म्हणजे माळाच्या कडेला दोन खोल्या, एक पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, आणि ड्रोन उडवायला-उतरवायला सिमेंटचा चौथरा. सोबतीला जीप चालवणारे मामा. मामा ड्रोनला भुंगा म्हणायचे. "मॅडम, तुमचा भुंगा खातो जास्त आणि उडतो कमी," असं बॅटऱ्या चार्जिंगला लावताना रोज एकदा तरी म्हणायचेच.

माळाची जमीन उघडी दिसली तरी उघडी नव्हती. तिच्यावर काळपट, खरखरीत पापुद्रा होता, शेवाळाचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक जिवांचा. तोच माती धरून ठेवायचा, पडलेला थेंब मुरवायचा. भागूबाई त्याला खपली म्हणायची. खपलीवर माणसाचं एक पाऊल पडलं तर ती मोडायची, खालची फिकट माती उघडी पडायची, आणि ती जखम भरून यायला कधी कधी वीस वर्षं लागायची. म्हणून केंद्रापासून हवामानाच्या खांबापर्यंत तिने सपाट दगड मांडून वाट केली होती आणि नियम एकच होता, दगड सोडायचा नाही. गेल्या आठ वर्षांत तिने स्वतः तो एकदाही सोडला नव्हता. खरं सांगायचं तर नियम नसता तरी सोडला नसता. दगडापलीकडे बिळं होती.

त्या उन्हाळ्यात ताई आठ दिवस राहायला आली. एकसष्ट वर्षांची, निवृत्त, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा नोकरीनिमित्त दूरच्या शहरात. आल्या आल्या तिने केंद्राचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, मामांना जेवणाच्या वेळेवरून झापलं आणि मामांनी चक्क ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागूबाईला बेसिनवरच्या फळीवर गोळ्यांची पट्टी दिसली.

"ताई, या गोळ्या कसल्या?"

"जीवनसत्त्वाच्या."

"मला वाचता येतं. शुगरच्या आहेत. कधीपासून घेतेस?"

"झाली चार वर्षं. त्यात काय एवढं? निम्म्या जगाला असते."

"आणि हे कोपर काळंनिळं कशाने झालं?"

"बाथरूममध्ये पाय घसरला."

"घसरला, की चक्कर आली? ताई, खरं सांग. एकटी राहतेस तू. काही झालं तर..."

"झालं सुरू!" ताई वैतागली. "भागू, मी पस्तीस वर्षं लोकांना गोळ्या दिल्या. माझ्या मला घेता येतात. तुला काय, दोरी दिसली की साप. लहानपणापासून तेच. तुझी काळजी करता करता माझे केस पिकले."

एरवी भागूबाई गप्प बसली असती. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. चोपन्न वर्षांत न निघालेलं वाक्य तिच्या तोंडून निघालं.

"तुला शेजारी कुणीतरी घाबरट लागतंच, ताई. त्याशिवाय तू शूर कशी ठरणार?"

ताई उठली. पट्टीतली गोळी काढली, हिच्याकडे बघत पाण्याबरोबर गिळली. टेबलावर उकडलेलं अंडं आणि टोस्ट झाकून ठेवले होते, त्यांना हातही लावला नाही. खुंटीवरची भागूबाईची पांढरी टोपी घेतली आणि मागचं दार उघडलं.

"पाय मोकळे करून येते."

"दगडांवरूनच चाल," भागूबाई मागून म्हणाली. "खपलीवर पाय देऊ नकोस."

तेव्हा सव्वासात वाजले होते.

आठ वाजता तिने रोजच्यासारखा चौथऱ्यावरून ड्रोन सोडला. ड्रोन ठरवून दिलेल्या रेघांवरून आपला आपण जायचा, दर चार सेकंदांनी फोटो घ्यायचा आणि परत यायचा. तिचं काम फक्त वारा आणि बॅटरी बघण्याचं. दोन बॅटऱ्यांत, मोजणीसाठी आखलेल्या माळाचा सातवा तुकडा पुरा झाला. मग ती आत येऊन फोटो कॉम्प्युटरवर उतरवत बसली. मनात सकाळचं वाक्य घोळत होतं. ताई रागावली असेल, खांबापाशी बसली असेल, उन्हं चढली की येईल. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत ती चहा करायला स्वयंपाकघरात गेली.

अंडं आणि टोस्ट तसेच झाकलेले होते. घड्याळात पावणेदहा.

 गोळी घेतली, आणि पोटात काही नाही. अडीच तास. नर्सची बहीण होती ती, शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली तर काय होतं हे तिला सांगायची गरज नव्हती. साखर खाली येते. आधी घाम, मग हातपाय थरथरतात, मग माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. त्यानंतर काय होतं तिथपर्यंत तिने मन जाऊ दिलं नाही, तरी ते गेलंच. मन चिंती ते वैरी न चिंती.

मागच्या दारातून तिने हाका मारल्या. खांबापर्यंत दगडांवरून धावत गेली. खांबापाशी कोणी नव्हतं. चारी बाजूंना गुडघाभर उंचीची झुडपं, मधे काळपट जमीन आणि वर पांढरं पडलेलं आभाळ. हवा भट्टीसारखी तापायला लागली होती.

"मामा, ताई कुठे दिसली का?"

मामा जीपचं बॉनेट उघडून उभे होते. तिचा चेहरा बघितला आणि त्यांनी काही न विचारता बॉनेट खाली आपटलं. "मी रस्त्याने बघून येतो. दोन्ही अंगांना पाच-पाच किलोमीटर. तुम्ही फोन लावा."

शहरातल्या आपत्कालीन केंद्रातला माणूस शांतपणे प्रश्न विचारत होता. वय काय? शेवटचं कुठे पाहिलं? अंगात कुठल्या रंगाचे कपडे?

भागूबाईला कपड्यांचा रंग आठवेना. मातीच्या चाळीस छटा नुसत्या नजरेने ओळखणारी बाई ती. सकाळी समोर बसून भांडलेल्या बहिणीच्या अंगात काय होतं, ते तिला सांगता येईना.

"टोपी," ती म्हणाली. "पांढरी टोपी."

"माणसं पाठवतो. दीड-दोन तास धरा," पलीकडून उत्तर आलं.

दीड-दोन तास.  भाच्याला कळवावं म्हणून तिने नंबर काढला आणि तसाच ठेवून दिला. त्याला काय सांगणार? तुझी आई माझ्याशी भांडून उपाशी निघून गेली, आणि जाताना मी तिला काहीतरी खाऊन जा म्हणाले नाही, खपली मोडू नकोस म्हणाले?

भरलेल्या बॅटऱ्या दोनच उरल्या होत्या. त्या तापू नयेत म्हणून मामांनी टॉवेलात गुंडाळून थंड पेटीत ठेवल्या होत्या. एक बॅटरी म्हणजे बावीस मिनिटं. तिने ड्रोनला उष्णता टिपणारा कॅमेरा लावला. घाईत स्क्रू दोनदा खाली पडला.

तो उडवण्यात तिची चूक झाली, आणि ती चूक आपण करतो आहोत हे तिला करतानाच कळत होतं. पहाटेच्या गारव्यात माणसाचं अंग या कॅमेऱ्याला दिव्यासारखं दिसतं. पण आता जमीन पन्नास अंशांवर गेली होती. माणूस जमिनीपेक्षा थंड, आणि झुडपाखालची सावलीही थंड. पडद्यावर शेकडो काळे डाग होते. त्यातला कुठलाही डाग ताई असू शकत होती. एक लांबट डाग तिला माणसासारखा वाटला.  तिने ड्रोन खाली, आणखी खाली आणला. मेलेली मेंढी होती, पोट फुगलेलं. ती किंचाळली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

बॅटरी संपत आल्याचा इशारा वाजला. बावीस मिनिटं वाया गेली होती.

आता एकच बॅटरी. पूर्वेला सोडावी की पश्चिमेला? ओघळीकडे की खडकाळ चढाकडे? चुकीच्या दिशेला गेली तर सगळं संपलं. ती कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसली. पडद्यावर सकाळी उतरवून घेतलेले फोटो होते, सातव्या तुकड्याचे, सहाशे अठरा. पहिला फोटो आठ वाजून दोन मिनिटांनी घेतलेला.

आठ वाजून दोन मिनिटं. म्हणजे ताई गेल्यानंतर पाऊण तासाने.

ती ताडकन सावरून बसली. जे शोधायला आता उडायचं होतं ते सकाळीच टिपलं गेलेलं असू शकत होतं. सहाशे फोटो सावकाश बघायला वेळ नव्हता. पण मागच्या आठवड्यातला याच तुकड्याचा नकाशा तिच्याकडे होता. तिने दगडांच्या वाटेच्या कडेचे तेवढे फोटो वेगळे केले. मागच्या आठवड्याचं चित्र, आजचं चित्र, मागचं, आजचं, असं एकाच जागी आलटून पालटून ती बघत गेली. काही बदललं असेल तर ते डोळ्यांपुढे लुकलुकायला हवं. झुडपं जागच्या जागी. दगड जागच्या जागी. पंखा घरघरत होता आणि मानेवरून घाम ओघळत होता.

चौदाव्या दगडापाशी काहीतरी लुकलुकलं.

काळपट खपलीवर फिकट ठिपके. डावा, उजवा, डावा. वाट सोडून निघालेली पावलं.

ती त्यांच्या मागोमाग एका फोटोतून दुसऱ्या फोटोत सरकत गेली. आधी पावलं सरळ होती, सारख्या अंतरावर. वॉर्डातून राउंड घेत जाणाऱ्या बाईसारखी. मग अंतर कमीजास्त व्हायला लागलं. मग एका झुडपाला वळसा घालून ती परत आली आणि स्वतःलाच छेदून गेली. पुढे पुन्हा एक वळसा. भागूबाईने चित्र मोठं केलं. आठ वर्षं ती या जमिनीवर मेंढ्यांची, कोल्ह्यांची, वाऱ्याने लोळत गेलेल्या फांद्यांची खूण ओळखत होती. ही खूण तोल गेलेल्या माणसाची होती. ताईच्या अंगात बहुधा सकाळची एकच गोळी नव्हती. काल रात्रीही तिने नीट खाल्लं नव्हतं, मला भूक नाही म्हणाली होती, आणि गोळी मात्र घेतली असणार.

दोनशे बाराव्या फोटोत ताई होती.

पांढरा गोल ठिपका म्हणजे टोपी, आणि तिला चिकटलेली लांबच लांब सावली. पुढच्या फोटोत सावलीला एक हात फुटला होता. त्याच्या पुढच्यात तो हात वर गेला होता. ड्रोनचा आवाज ऐकून ताईने हात हलवला होता. आणि त्या क्षणी भागूबाई चौथऱ्यावर उभी राहून वाऱ्याचा वेग वहीत लिहीत होती.

ती रडली नाही. रडायलाही धीर लागतो. तिने फक्त शेवटचा फोटो शोधला, ज्यात टोपी दिसत होती. टोपी तुकड्याच्या वरच्या कडेला होती आणि पावलं ओघळीकडे वळलेली होती.

शेवटची बॅटरी तिने ओघळीवर सोडली. ओघळ म्हणजे जुन्या पाण्याने कापलेली, दोन पुरुष खोल घळ. केंद्रापासून किलोमीटरभर असेल नसेल. वारा वाढला होता. माळावर धुळीचा एक भोवरा उठला आणि ड्रोनच्या वाटेत आला. पडदा पिवळा झाला, चित्र थरथरलं. "नको, नको, नको," ती पुटपुटत होती. भोवरा सरकला. घळीच्या पूर्वेच्या भिंतीखाली सावलीची पट्टी होती, आणि त्या पट्टीत, एका बाजूला कलंडलेलं, काहीतरी निळं.

निळी साडी. हो, निळीच होती सकाळी.

निळं हलत नव्हतं.

तिने ती जागा फोनवर घेतली आणि ड्रोनला परतीचा हुकूम दिला. तो परत येतो की नाही हे बघायलाही थांबली नाही. स्वयंपाकघरातून पाण्याची बाटली उचलली, साखरेचा चमचा शोधला, सापडेना, तेव्हा साखरेचा अख्खा डबाच काखेत मारला. धावता धावता मामांना फोन लावला.

"मामा, ओघळीच्या वरच्या टोकाला या. जीप घेऊन."

"मॅडम, तिकडे रस्ता नाही. सातव्या तुकड्यावरून यावं लागेल."

"या."

"खपलीवरून?"

"मामा, या हो!"

चौदाव्या दगडापाशी तिचा पाय सवयीने थबकला. पुढे ताईची पावलं होती. खालून ती वेगळीच दिसत होती, वरून दिसलेल्या ठिपक्यांसारखी नव्हे. टाचेची खोलगट खूण, चपलेच्या तळाची रेघ, एका जागी हाताचा पंजासुद्धा, पडून उठल्याचा. भागूबाईने पाय टाकला. वाळक्या पानांचा होतो तसा चुरचुर आवाज झाला. दुसरा पाय टाकला. मग ती पळत सुटली. बाजूला बिळं होती, झुडपांच्या बुडाशी अंधार होता, आणि प्रत्येक बिळाची तिला जाणीव होती. साप दिसला नाही. दिसला असता तरी काय केलं असतं, हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही.

घळीच्या काठावरून ती बसत, घसरत, हात खरचटत खाली उतरली.

ताई भिंतीला टेकून कलंडली होती. टोपी कुठेतरी पडली होती. एवढ्या उन्हात तिचं कपाळ गार आणि घामाने चिंब होतं. ओठ पांढरे. भागूबाईने खांद्याला हात लावताच तिने डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती.

"भेटायची वेळ संपली," ताई जड जिभेने म्हणाली. "बाहेर व्हा."

"ताई, मी आहे. भागू."

"नातेवाइकांनी इथे थांबायचं नाही."

"ताई, तोंड उघड. साखर खा."

ताईने हात झटकला. डबा उलटला, निम्मी साखर मातीत गेली. दुसरा फटका भागूबाईच्या तोंडावर बसला आणि चष्मा उडाला. ताईच्या अंगात भलतीच ताकद आली होती.  बहीण समोर असून तिला वाचवता येत नव्हतं. जिने आयुष्यभर हिला धरलं ती आता हिला धरू देईना.

मग तिला कसं सुचलं कोण जाणे. ताईच्या वॉर्डात ती कितीतरी वेळा जाऊन बसली होती आणि तिथलं बोलणं कानात होतं. तिने आवाज जाड केला.

"सिस्टर, डॉक्टरांचा राउंड सुरू झालाय. पाच नंबरला साखर द्यायची राहिली आहे. तोंड उघडा."

ताईने तिच्याकडे बघितलं. कपाळाला आठी पडली. "राहिली?" ती पुटपुटली. "कोणाची ड्यूटी होती?" आणि तिने तोंड उघडलं.

भागूबाईने तिला कुशीवर वळवलं, बोटं ओली करून साखरेत बुडवली आणि गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. एकदा, दोनदा, दहा वेळा. ताईने दोनदा बोट चावलं. गिळता येतंय असं दिसल्यावर बाटलीच्या झाकणातून साखरेचं पाणी, अगदी थेंबथेंब. घड्याळाचा काटा पुढे सरकतच नव्हता. वरून धुळीचे कण पडत होते. भागूबाई पूर्ण वेळ बोलत होती, काय ते तिलाच ठाऊक नव्हतं. बहुतेक पाच नंबरच्या पेशंटविषयी.

साताठ मिनिटांनी ताईने एक लांब श्वास घेतला आणि विचारलं, "भागू, तुझा चष्मा कुठे आहे?"

मामांची जीप वर येऊन उभी राहिली. दोघांनी मिळून ताईला कसंबसं काठावर आणलं. शहर अठ्ठावन्न किलोमीटर. पहिले पंधरा ताई बोलत होती, एवढा गोंधळ कशाला असंही म्हणाली. मग मधेच गप्प झाली, डोळे फिरले, हाताला झटके यायला लागले.

"मामा!"

"दिसतंय मॅडम. तुम्ही साखर सोडू नका."

मामा एरवी चाळीसच्या वर न जाणारे. त्या दिवशी स्पीडचा काटा कुठे होता ते भागूबाईने बघितलं नाही. ती मागच्या सीटवर गुडघे टेकून, ताईचं डोकं मांडीवर घेऊन हिरड्यांवर साखर चोळत राहिली. अर्ध्या वाटेत ॲम्ब्युलन्स भेटली आणि सलाइन लागलं तेव्हा तिला कळलं की आपल्या बोटातून रक्त येतं आहे.

"या गोळीचा असर दिवसभर राहतो," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर आणली तरी साखर पुन्हा खाली ओढते. तुम्ही वाटेत चोळत राहिलात म्हणून निभावलं." मग आवाज चढवून, "यांना कोणी सांगितलं नव्हतं का, गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही म्हणून?"

"त्या स्वतः हेडनर्स होत्या," भागूबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी तिने भाच्याला फोन केला आणि सगळं सांगितलं, भांडणाचं सोडून.

ताई चार दिवसांनी दवाखान्यातून सुटली. गोळी बदलली, बोट टोचून साखर बघायचं यंत्र आलं. त्या सकाळचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. दगडांची वाट का सोडली, तेही नाही. फक्त एवढंच की आपला वॉर्ड डावीकडे आहे आणि आपल्याला उशीर होतो आहे, असं सारखं वाटत होतं.

सातवा तुकडा बाद झाला. जीपच्या चाकांनी, ताईच्या आणि भागूबाईच्या पावलांनी तो मधोमध उसवला होता. आठ वर्षांची मोजमापं तिथेच थांबली. कार्यालयातून विचारणा झाली तेव्हा तिने कारण लिहिलं, 'माणसांची ये-जा', आणि खाली सही केली. वरिष्ठांनी फोनवर हळहळ व्यक्त केली. तिला हळहळ वाटली नाही. वाटायला हवी होती, म्हणून तिने दोन-तीन दिवस वाट बघितली.

ताई बदलली होती. न्हाणीघराची कडी लावेना. खोलीत एकटी बसेना. झुरळ चिमटीत धरणारी ताई दुपारी झोपतानाही म्हणायची, "भागू, तू इथेच आहेस ना?" भागूबाईला ते बघवायचं नाही. 'मी आहे ना' हे वाक्य तिच्या ओठांवर यायचं आणि तिथेच अडकायचं. तिला ते म्हणायचीही भीती वाटायची. आपण असून काय झालं होतं?

एका दुपारी धीर करून तिने भांडणाची गोष्ट काढली. आपण काय म्हणालो, शब्दन् शब्द सांगितलं. सांगताना नजर फरशीवर होती.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग मोठ्याने हसली, दवाखान्यातून आल्यानंतर पहिल्यांदाच.

"तू? मला? असं म्हणालीस? शक्यच नाही."

"खरंच म्हणाले, ताई."

"उगाच माझी चूक स्वतःवर घ्यायला काहीतरी सांगू नकोस. भागूबाईला एवढं सुचतं तरी का?"

भागूबाई पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि ताई पुन्हा पुन्हा हसत राहिली. पटलं नाही ते नाहीच.

पावसाळ्याच्या तोंडाशी भाचा न्यायला आला. ताई गेली नाही. माझी साखर बघायला इथे माणूस आहे, म्हणाली, आणि तिने केंद्राच्या दुसऱ्या खोलीत आपली पेटी कायमची उघडली. मामांनी तिच्यासाठी न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा ठोकून दिला.

भागूबाई काम करते आहे. सातव्याच्या जागी नववा तुकडा आखला आहे. ड्रोन अजूनही ठरलेल्या रेघांवरून आपला आपण जातो, पण आता ती वहीत वाऱ्याचा वेग लिहीत नाही, ते काम मामांकडे गेलं. ती पूर्ण वेळ पडद्यावर नजर लावून बसते. झुडूप, सावली, दगड, झुडूप. एकूण एक फोटो नजरेखालून गेल्याशिवाय ती उठत नाही. डोळे दुखतात, पाठ अवघडते. मधूनच ती वळून बघते, ताई खुर्चीत आहे ना. ताई खुर्चीत असते. तरी पाच मिनिटांनी ती पुन्हा वळून बघते.